तुक्काम्पाळैयम् गल्लीतली यमुना

कुंभकोणमला मी पहिल्यांदा गेले ती देवळांसाठी नाही. सारंगपाणी, कुंभेश्वर, महामहम तलाव हे सगळं नंतर झालंच. पण गाडीतून उतरल्यावर स्टेशनाबाहेर पितळेच्या डवरा-टंबलरमधून कॉफी प्यायले आणि रिक्षावाल्याला सांगितलं ते एका गल्लीचं नाव: तुक्काम्पाळैयम्. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, यमुनेचं घर बघायचंय का?

म्हणजे, कधी नसलेल्या बाईचं घर शोधत येणारी मी पहिली नव्हते. ति. जानकीरामन यांची 'मोगमुळ' ही कादंबरी १९५०च्या दशकात 'स्वदेशमित्रन'मधून क्रमशः आली, आणि तेव्हापासून तमिळ वाचकांच्या दोन-तीन पिढ्या या गल्लीत घुटमळून गेल्या आहेत. त्यांतले बहुतेक पुरुष, बहुतेक विशीतले. मी पन्नाशीची, मराठी, आणि कादंबरी हातात घेण्याआधी सिनेमा पाहिलेली. ज्ञान राजशेखरन यांनी १९९५ साली पडद्यावर आणलेला 'मोगमुळ'. त्याच सिनेमाबद्दल लिहायला बसले आहे. पण यमुनेबद्दल लिहायचं तर तंजावरच्या मराठ्यांबद्दल लिहावंच लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

आधी नावाचं सांगते. मराठी डोळ्याला त्यात 'मूळ' दिसतं, तसं ते नाही. 'मुळ्' म्हणजे काटा. आणि 'मोगम्' हा आपलाच मोह. तमिळ लिपीतून जाताना त्यातल्या 'ह'चा 'ग' होतो. मोहाचा काटा.

गोष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. बाबू हा कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिकणारा मुलगा. ओळखीच्या घरातली यमुना त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. लहानपणापासून तो तिच्याकडे देवीसारखा बघत आला आहे आणि एका वयानंतर ते बघणं बदलतं. तो तिला सांगतो, ती नाही म्हणते. रंगण्णा नावाच्या म्हाताऱ्या गवयाकडे तो गाणं शिकतो. शेजारी एका वृद्धाशी लग्न लावून दिलेली कोवळी तंगम्मा आहे. तिची तहान, बाबूचं एकदा वाहवणं, मग त्याचं पाठ फिरवणं आणि तिनं जीव देणं. यमुनेचं लग्न जमत नाही, घर खंगत जातं. वर्षं जातात. शेवटी मद्रासमध्ये, तिची चाळिशी जवळ आलेली असताना, यमुना बाबूला होकार देते. एवढंच. कुणी कुणाचा सूड घेत नाही, कुणी पळून जात नाही. नदी, कॉलेज, ओटे, दुपारची झोप, तंबोरा, पैशांची चणचण, आणि या सगळ्यात दहा-बारा वर्षं टोचत राहिलेली एक गोष्ट.

पुण्यात एका फिल्म सोसायटीत मी हा सिनेमा पाहिला तेव्हा तमिळ मला कामापुरतंही येत नव्हतं. उपशीर्षकं वाचत होते. आमच्या गटाला तेव्हा रशियन सिनेमाचं वेड होतं. सोव्हिएत चित्रपट वकिलातीमार्फत सहज मिळत, म्हणून सोसायट्यांना ते परवडतही असत. त्याच सुमारास चेखॉवच्या 'कुत्रेवाली बाई' या कथेवर योसिफ खैफित्सनं चेखॉवच्या जन्मशताब्दीला, १९६० साली, केलेला सिनेमा आम्ही दुसऱ्यांदा पाहिला होता. मॉस्कोचा गृहस्थ आपल्या प्रेयसीच्या आडगावी जातो आणि तिच्या घरासमोर पोचतो, तर तिथे खिळे ठोकलेलं लांबच लांब करडं कुंपण. आत कुठंतरी ती आहे. बाहेर हा. दोघांमध्ये खलनायक असा कुणीच नाही. नवरा आहे, पण तोही गावासारखाच, नुसता असणारा. त्या कुंपणावर आम्ही कॅन्टीनमध्ये तास-दीड तास बोललो होतो.

'मोगमुळ' पाहून बाहेर आलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, हाही चेखॉवच. मलाही तसंच वाटलं, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. यमुनेच्या कामात अर्चना जोगळेकर होत्या. आशा जोगळेकरांच्या कन्या, कथक नर्तकी, आम्हाला 'अनपेक्षित' आणि 'एका पेक्षा एक'मुळे माहीत असलेल्या. तमिळ सिनेमात आपली मुलगी, याचं कौतुक झालं. सुंदर डोळे हवे होते म्हणून घेतली असणार, असंही कुणी म्हणालं. यमुनेची आई पार्वतीबाई आहे, मराठी आहे, हे उपशीर्षकात येऊन गेलं होतं. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात राहिलं नाही.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे मद्रासला, म्हणजे तोवर झालेल्या चेन्नईला, बारा वर्षं काढली. तमिळ शिकले. कादंबरी वाचली, सिनेमा पुन्हा पाहिला. तेव्हा कळलं, की कुंभकोणमच्या त्या कुंपणाला खिळे कुठे ठोकलेले आहेत ते आम्ही पाहिलंच नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, वयाचं अंतर ही अडचण. ती बाबूची अडचण. यमुनेचं लग्न बाबू वयात येण्याआधीपासूनच अडलेलं होतं. बाप सुब्रमण्य अय्यर, तमिळ ब्राह्मण, पैसेवाला मिरासदार. आई मराठी, आणि त्याची दुसरी. अशा घरातल्या मुलीला तमिळ ब्राह्मणांत स्थळ नाही, मराठ्यांतही नाही. लोक बघायला येतात, चांगलंचुंगलं खातात, चौकशी करतात आणि निघून जातात. बाप गेल्यावर त्याच्या पहिल्या घरानं हात आखडता घेतला, की मायलेकी उघड्यावर.

'मिरासदार' हा शब्द मी मुद्दाम ठेवला. तमिळमध्ये तो 'मिरासुदार' म्हणून अजून चालतो, आणि कावेरीच्या खोऱ्यातल्या जमीनदाराला दुसरा शब्दच नाही. व्यंकोजी भोसले १६७०च्या दशकात तंजावरला आले आणि त्यांच्या वंशजांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं तिथे राज्य केलं; त्यांतली शेवटची पन्नास-साठ वर्षं नावापुरतीच, कारण सरफोजींनी १७९९ साली कारभार कंपनीच्या हवाली केला होता. १८५५ साली दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि तेही संपलं. राहिले ते कारकून, कीर्तनकार, शास्त्री, सैनिक, त्यांची घरं. तमिळ माणसं देशस्थांना 'रायर' म्हणतात. रावाचा रायर.

कुंभकोणम ही राजधानी नव्हती, पण रायरांचं गाव होतं, आणि एकोणिसाव्या शतकात तर फार मोठ्या रायरांचं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली इथेच जन्मले. सयाजीरावांच्या अज्ञानपणात बडोद्याचा गाडा हाकणारे ते हेच. ज्या सरकारी कॉलेजात बाबू शिकतो, ज्यात रामानुजनही शिकले (आणि नापास झाले), त्या कॉलेजाचं नाव मोठं करणाऱ्या दोन माणसांची नावं गावात अजून आहेत: पोर्टर टाउन हॉल आणि गोपाळराव ग्रंथालय. पोर्टर इंग्रज. टी. गोपाळराव रायर.

मला मात्र सगळ्यांत जास्त थांबवलं ते माधवरावांच्या चुलतभावानं. दिवाणबहादूर आर. रघुनाथराव, जन्म कुंभकोणमचा, १८३१. हेही दोनदा इंदूरचे दिवाण. पण त्यांचं आयुष्यभराचं काम दुसरंच: विधवांचं लग्न. शास्त्रातून आधार काढून ते सनातन्यांशी भांडले, मद्रासेत विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी झाले. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून सामाजिक परिषदेची पहिली बैठक भरली. ती परिषद रानड्यांची, असं आपण शाळेत शिकतो. त्या कामात रानड्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस कुंभकोणमचा हा मराठी गृहस्थ होता, हे शाळेत सांगत नाहीत. निदान मला कुणी सांगितलं नाही.

गंमत म्हणायची की काय म्हणायचं, कुणाचं लग्न लागावं आणि कुणाचं लागू नये यावर ज्या गावच्या रायरांनी साऱ्या देशाला वाद घालायला लावला, त्याच गावात, पन्नास-साठ वर्षांनी, एका रायर बाईच्या मुलीला नवरा मिळत नाही. कादंबरीतली मुलगी आहे, मान्य. पण जानकीरामन हे काही हवेतून काढणारे लेखक नव्हते. १९२१ साली तंजावर जिल्ह्यात जन्मले, कुंभकोणमच्या कॉलेजात शिकले, आकाशवाणीत जाण्यापूर्वी काही वर्षं शाळामास्तर होते. पार्वतीबाईसारखी घरं त्यांनी पाहिली असणार.

तशी घरं कुठून आली याचा एक धागा राजवाड्यापर्यंत जातो. तंजावरच्या भोसल्यांमध्ये राण्यांखेरीज 'तलवारीच्या बायका' असत. लग्नाच्या जागी नवऱ्याची तलवार ठेवायची आणि तिच्याशी मुलीचं लग्न लावायचं. राजे गेले, संस्थान गेलं, पण खाजगी मालमत्तेचे खटले पुढे पिढ्यान्पिढ्या चालले. तलवारीशी लग्न झालेली बाई बायको धरायची का, तिच्या मुलांना वारसा आहे का, आणि त्यासाठी आधी तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, हे ठरवायला मद्रास उच्च न्यायालय बसलं ते १९२४ साली. कोल्हापूरचे महाराज त्यात पक्षकार. न्यायालयानं शूद्र ठरवलं. शूद्रांत लग्नाबाहेरच्या मुलालाही वारसा मिळू शके, म्हणून त्या ठरवण्याला मोल. साऱ्या शिवशाहीचा वारसा सांगणाऱ्या घराची जात कोर्टानं लावली, आणि ती लावायचं कारण होतं या बायकांची मुलं.

पार्वतीबाई राजवाड्यातली नाही, तलवारीचीही नाही. पण कायद्याच्या आणि रूढीच्या ज्या फटीत ती राहते, ती हीच. तो खटला चालू होता तेव्हा, कादंबरीच्या हिशेबानं, यमुना पोर असणार. मोठ्या घरांसाठी वकील होते, निकालपत्रं होती. तुक्काम्पाळैयम् गल्लीतल्या घरासाठी बघायला येणारे पाहुणे होते.

गल्लीचं सांगायचं राहिलं. ती आता इतर गल्ल्यांसारखीच आहे: खालच्या मजल्यावर दुकानं, वर कपडे वाळत घातलेले, मोटरसायकली. एक-दोन जुने ओटे उरलेत. रिक्षावाल्यानं एका घराकडे बोट दाखवलं, मग थोडं पुढे जाऊन दुसऱ्याकडे. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मराठी कानाला त्यात तुकोजी ऐकू आला होता. तुकोजी भोसले अठराव्या शतकात तंजावरच्या गादीवर होते. कानाचा खेळ असेल. मी फोटो काढला नाही.

तिथून चार गल्ल्या पलीकडे आक्का राहत. चेन्नईतल्या एका मैत्रिणीची मावशी, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या पुढच्या. पुण्याहून आलेली मराठी बाई घरी येतेय म्हणून त्यांनी पिठलं केलं होतं आणि मी ते ओळखते का, हे बघत बसल्या. ओळखलं. त्यांच्या मराठीत वाक्याचा शेवट तमिळसारखा वर जाई, आणि मधूनच एखादा शब्द असा येई की मला माझी पणजी आठवे. माझी मराठी त्यांना जरा कोरडी, वर्तमानपत्रातली वाटत असावी. तसं त्यांनी दोनदा सुचवलं.

मी 'मोगमुळ'चा विषय काढला तेव्हा त्यांचा चेहरा बंद झाला. "ते पुस्तक आमच्या घरात नव्हतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं: "म्हणजे होतं. पेटीत होतं. सगळ्यांनी वाचलं." आमच्यात अशा बायका नव्हत्या, असंही म्हणाल्या. मी काही बोलले नाही. मग त्या स्वतःच बोटांवर मोजू लागल्या: अमुक गल्लीतलं ते घर, तलावाजवळचं ते दुसरं, त्यातली एक मुलगी त्यांच्या वर्गात होती, शिवणकाम छान करी, पुढे तिचं काय झालं. नावं इथे लिहिण्याचं कारण नाही. पाच बोटं संपली आणि त्या थांबल्या.

"जानकीरामननं आमची बदनामी केली, असं माझे वडील म्हणत," आक्का म्हणाल्या. "मला वाटतं, त्यांना राग वेगळाच होता. त्यानं तिला चांगली दाखवली याचा."

मला हे पटलं, आणि त्यामुळे सिनेमाकडे मी आणखी एकदा वेगळं पाहिलं. दिग्दर्शक राजशेखरन तेव्हा सनदी नोकरीत होते, हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. सहा-सातशे पानांची कादंबरी दोन-सव्वादोन तासांत बसवताना बरंच सुटलंय. मद्रासची वर्षं धावत जातात, आणि बाबूच्या मनात जे पानोपानी चालतं ते अभिषेक या नव्या नटाच्या चेहऱ्यावर नेहमी उमटतंच असं नाही. ज्यांनी पुस्तक आधी वाचलं ते सिनेमावर रुसतात, आणि त्यांचा रुसवा खोटा नाही. पण नेडुमुडी वेणूंचा रंगण्णा बघावा. इळैयराजांचं संगीत ऐकावं. गाणं शिकणाऱ्या मुलाच्या सिनेमात संगीतकाराला स्वतःचं कौशल्य मिरवायची केवढी संधी होती, तरी ते संगीत रंगण्णाच्या खोलीबाहेर फारसं पडत नाही. आणि यमुना. सिनेमानं तिला रडवलेलं नाही. गरिबीतही ती कुणाच्या दयेवर उभी नाही, ही कादंबरीतली गोष्ट जोगळेकरांनी सांभाळली आहे. आक्कांच्या वडिलांना तेच खुपलं असणार.

शेवटच्या प्रसंगाविषयी तमिळ वाचकांमध्ये अजून वाद होतो. इतक्या वर्षांनी होकार देऊन यमुना बाबूला जे विचारते त्यात उपरोध आहे, कीव आहे की साधं कुतूहल, यावर. वाद घालणारे बहुतेक सगळे बाबूच्या बाजूनं घालतात: त्याला काय मिळालं, त्याचा काटा निघाला की नाही. मी यमुनेच्या बाजूनं बघते तेव्हा मला त्यात एक हिशेब दिसतो. तिला कुणी रीतसर मागितलं नाही, आणि ज्यानं मागितलं त्याला मागायचा हक्क नव्हता. कुणी द्यायचं नाही असं ठरवलेली गोष्ट तिनं स्वतः, आपल्या वेळेला, दिली. लग्नाचं काय, हे ती विचारत बसत नाही. तलवार नाही, पाहुणे नाहीत, कोर्ट नाही.

याच्या चार-पाच वर्षं आधी कुंभकोणमच्याच एका घरावर आणखी एक मुका सिनेमा झाला होता, के. एस. सेतुमाधवन यांचा 'मरुपक्कम'. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवणारा पहिला तमिळ चित्रपट. तो इंदिरा पार्थसारथींच्या लघुकादंबरीवर बेतलेला; पार्थसारथी कुंभकोणमला वाढले, आणि शाळेत त्यांना शिकवायला जानकीरामन होते. त्यातही एक म्हातारा संस्कृत पंडित आहे, दिल्लीहून आलेला मुलगा आहे, मुलाची ख्रिस्ती बायको आहे जिचं नाव घरात काढायचं नाही. आणि हळूहळू कळतं की बापानंही कधीकाळी, आईच्या हट्टापुढे मान तुकवून, आपल्या पहिल्या बायकोला घालवून दिलं होतं. मास्तर आणि विद्यार्थी, दोघांनी एकाच गावातल्या बंद दारांची गोष्ट सांगितली. विद्यार्थ्यानं दाराच्या आतल्या बाजूनं, मास्तरांनी बाहेर राहिलेल्या बायकांच्या बाजूनं. चेखॉवची आठवण मला 'मरुपक्कम' पाहताना जास्त येते. 'मोगमुळ' पाहताना आता येत नाही. गुरोव कुंपणासमोरून परत हॉटेलात जाऊ शकतो, मॉस्कोला जाऊ शकतो. अ‍ॅनाला निदान नवरा आहे, आडनाव आहे. यमुनेचं घर कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहे, हेच गावाला ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्कांनी स्वतःच सिनेमा लावायला सांगितला. मी लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडून दिला. त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता, असं म्हणाल्या. पण कोणता प्रसंग कधी येणार हे त्यांना आधी कळत होतं. कॉलेज आलं, नदी आली. पूर्वी कावेरीत किती पाणी असे ते त्यांनी हातानं दाखवलं. तंगम्मा आली तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि कॉफी घेऊन आल्या.

"ही खरीच मराठी?" यमुनेकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"हो आक्का. तिकडचीच."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. पडद्यावर मायलेकी तमिळमध्ये बोलत होत्या. मला आठवलं, कादंबरीभर पार्वतीबाई बोलते ते तमिळच. लेखकाची भाषा ती, दुसरं काय होणार. पण दार लावून घेतल्यावर, पाहुणे नकार देऊन निघून गेल्यावर, त्या दोघी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलत असतील? मी आक्कांना विचारलं, आई घरात तिला हाक कशी मारत असेल?

"यमू म्हणत असेल," आक्का म्हणाल्या. "दुसरं काय म्हणणार?" आणि रिमोट घेऊन त्यांनी आवाज वाढवला.